वावर गहाण टाकण्याआधी पोरीला विचारा

पत्र : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र, मार्क ५८ टक्के. मी जिनिंगमध्ये काट्यावर असतो. ‘सर्क्युलर इकॉनॉमी आणि ईएसजी रिपोर्टिंग’चा, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणणं आणि पर्यावरण, समाज, कारभार याबद्दल कंपन्यांनी द्यायचा अहवाल, असा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे. कोर्सवाला म्हणतो, काम झकास इंग्रजी लिहिण्याचं. फी १ लाख ६० हजार, पुण्यात नोकरीची हमी. ५ हजार भरून नाव नोंदवलं. साळ्याचा मुलगा याच कामात चांगलं पॅकेज घेतो. कॉलेज सोडून तिनं हेच करावं. दीड एकर वावर गहाण टाकायची तयारी आहे. ती एम.एस्सी. म्हणते, पण तिला काही समजत नाही.
– एक पालक, वणी तालुका

भाऊ, तुमच्या पत्रात फी आहे, वावर आहे, साळ्याच्या पोराचं पॅकेज आहे. पोरीचं म्हणणं मात्र दोन शब्दांत आटोपलं, आणि तेही तुम्ही तिथल्या तिथे खोडून टाकलं.

५८ टक्क्यांची मला चिंता नाही. चिंता गहाणाची आहे. वावर गहाण पडलं की ती शिकायला नाही, कर्ज फेडायला बसेल. दर हप्त्याला घरात तोच विषय निघेल. नोकरी लागली नाही तर कोर्सवाला सुटेल आणि बोलणी पोरीला बसतील. वीस वर्षांच्या मुलीला बापाचं वावर डोक्यावर घेऊन अभ्यास करायला लावणं याला मी त्याग म्हणत नाही, दडपण म्हणतो. एम.एस्सी. का करायची, हे तिला एकदा शांतपणे विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही.

एमपीएससी, बी.एड., बँकेच्या परीक्षा तुम्हाला ठाऊकच आहेत. तिला त्यात रस असेल तर ती सांगेल.

आता तुमचा गैरसमज. कंपन्यांचा हा अहवाल म्हणजे झकास इंग्रजी लिहिण्याचं काम, असं कोर्सवाल्यानं तुमच्या डोक्यात भरलेलं दिसतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून तिथल्या मोठ्या १००० कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल बंधनकारक केलाय. त्यात प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, धोकादायक कचरा असं प्रकारवार टनात लिहावं लागतं. किती पुन्हा वापरला, किती जाळला, किती जमिनीत गाडला, हेही द्यावं लागतं. कच्च्या मालात पुनर्वापराचा माल किती, हे देणं ऐच्छिक आहे. म्हणजे मूळ काम वजनाचं आणि नोंदीचं. रुई, सरकी आणि घट मिळून आलेल्या कापसाचं वजन जुळलं नाही तर मालक तुम्हाला घरी जाऊ देतो का? हा हिशेब तुम्ही रोज करता, भाऊ! लबाडीही आकड्यातच होते. कचरा १० टक्के वाढला आणि उलाढाल २० टक्के वाढली, तर ‘दर रुपयामागे कचरा घटला’ असं छापता येतं, आणि ते खोटंही नसतं. प्लास्टिकच्या पुनर्वापराची तर लाखो बनावट प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सापडली होती. कारखान्यात खरोखर काय झालं हे ज्याला कळतं, त्यालाच असला घोटाळा दिसतो.

ते कळायला रसायनशास्त्र लागतं, आणि तेच तुम्ही सोडायला सांगताय. तुमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. औष्णिक वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये जाते. भट्टीत कोळशासोबत कचराही जाळतात, पण त्याआधी त्याची उष्णता, ओलावा, क्लोरीन प्रयोगशाळेत तपासावं लागतं. क्लोरीन जास्त झालं तर भट्टीत थर साचतात, वाट तुंबते. बुटीबोरीला धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीचं केंद्र आहे, नागपुरात तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. सुरुवातीचा पगार साळ्याच्या पोराएवढा नसेल, हे आधीच सांगतो. पण अहवालातला आकडा निघतो तो इथूनच.

माझं मत विचाराल तर तिनं बी.एस्सी. पुरी करावी. सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत महिनाभर बिनपगारी का होईना, काम बघावं. एक्सेल नीट शिकावं. हे बीआरएसआर अहवाल कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट असतात. एका सिमेंट कंपनीचे लागोपाठ दोन वर्षांचे काढून तिनं कचऱ्याचे आकडे शेजारी शेजारी मांडावे. त्यात गोडी लागली तर अमरावती किंवा नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. आहेच. नाही लागली तर तेही फुकटात कळलं.

कोर्सवाल्याकडून नोकरीची हमी कागदावर मागा : कोणती कंपनी, किती पगार, नोकरी नाही लागली तर फी कधी परत. तो फोनवरच बोलत राहिला तर समजून जा. भरलेले ५ हजार लेखी अर्ज करून परत मागा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवा. तोवर सातबारा कपाटातच राहू द्या.