समोरच्यानं नाव कुणाचं घेतलं?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "काका, दुसऱ्या क्लबला खालच्या संघातली दोन पोरं द्यायची आणि एक तयार पिचर घ्यायचा. सोमवारपर्यंत टिपण द्यायचंय, आणि डोक्यात नुसता स्मोल्ट्झ फिरतोय." फिरणारच. बेसबॉलच्या कचेरीत नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट ऐकवून घाबरवतात. पण ऐकवतात अर्धीच.

ऑगस्ट १९८७. डेट्रॉईटच्या संघाला चेंडू टाकणाऱ्याची, पिचरची, निकड होती. त्यांनी अटलांटाकडून छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. पोरगा मिशिगनचाच, घरचा. त्या मोसमात डबल-ए या खालच्या स्तरावर ४ सामने जिंकलेला, १० हरलेला, दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, ५.६८ धावा दिलेल्या. अलेक्झांडर आला आणि ९ सामने जिंकला, एकही हरला नाही. शेवटचा आठवडा उरला तेव्हा त्यांच्याच विभागातलं टोरांटो साडेतीन सामन्यांनी पुढे होतं. ते ओळीनं सात हरले आणि विभाग डेट्रॉईटनं जिंकला, दोन सामन्यांच्या फरकानं. अलेक्झांडर नसता तर त्यांनी विभाग जिंकलाच नसता. पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटानं त्यांना ४-१ असं हरवलं, त्यातले दोन पराभव अलेक्झांडरच्याच नावावर. स्मोल्ट्झ २१३ विजय आणि १५४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) घेऊन २०१५ साली हॉल ऑफ फेममध्ये, खेळातल्या थोरांच्या पंगतीत, गेला.

म्हणून डेट्रॉईटला मूर्ख ठरवू नकोस. त्यांना जे विकत घ्यायचं होतं ते त्यांना मिळालं. मला खुपतं ते वेगळंच: ५.६८ हा आकडा दोन्ही कचेऱ्यांपुढे होता, तरी अटलांटानं पोरगा घेतला. म्हणजे त्यांच्या माणसांना त्या हातात आकड्यापलीकडचं काही दिसलं होतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण या खेळात ते बऱ्याचदा शेजाऱ्याला आधी दिसतात.

बॉस्टनचं १९९० सालचं उदाहरणही मनात ठेव. जेफ बॅगवेल हा त्यांचा खालच्या संघातला पोरगा तिसऱ्या बेसवर खेळायचा आणि बॉस्टनकडे तिथे आधीच मुरलेला वेड बॉग्ज होता. "याला जागा नाही" म्हणून त्यांनी तो ह्यूस्टनला दिला आणि बदल्यात पिचर लॅरी अँडरसन घेतला. अँडरसननं २२ इनिंग उत्तम टाकल्या, बॉस्टननं विभाग जिंकला. ह्यूस्टननं पुढच्याच वसंतात बॅगवेलला पहिल्या बेसवर उभा केला, आणि त्यानं कारकिर्दीत ४४९ होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, मारले. तेव्हा "जागा नाही" असं लिहिण्याआधी तो आणखी कुठे खेळू शकेल हे त्याच्या कोचला विचार.

आता माझं सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. मी एका क्लबच्या कचेरीत असताना अशाच एका व्यवहाराचं टिपण लिहिलं होतं. पहिल्या दोन पोरांवर चार पानं लिहिली. तिसऱ्याच्या नावापुढे फक्त "सोबत" एवढा एकच शब्द. व्यवहार झाला त्या दिवशी मी खालच्या संघाच्या मैदानावर होतो. मॅनेजरच्या खोलीतून तो पोरगा बाहेर आला, लॉकरपुढे बसला, तीन जोड बूट काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरले, बॅटला चिकटपट्टी गुंडाळली. मग मला विचारलं, "त्यांनी मला मागितलं, की तुम्ही मला दिलं?" मला उत्तर देता आलं नाही. मी ते विचारलंच नव्हतं. दोन वर्षांनी तिघांतला तोच वर, मुख्य लीगमध्ये, पोचला.

त्याचा प्रश्न तुझ्या टिपणाच्या पहिल्या पानावर हवा. समोरचा कुणाचं नाव घेऊन अडून बसलाय? आपण दुसरं नाव पुढे केलं तेव्हा त्यानं लगेच मान डोलावली की फोन ठेवला? तो अडला असेल तर तू त्या पोराचे सगळे व्हिडिओ पुन्हा बघ. चेंडू सुटतानाचं मनगट, दमल्यावर पाय कुठे पडतो ते.

पैशाचा हिशोब तुला येतो. वर आल्यावर पोरगा सुमारे सहा वर्षं क्लबचा राहतो, त्यातली पहिली तीन जवळजवळ किमान पगारावर. तुम्ही घेताय तो पिचर ऑक्टोबरनंतर करार संपून मोकळा. म्हणून "या वर्षी आपण खरंच जिंकू शकतो का" याचं उत्तर वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे न बघता लिही. शिकागो कब्जनी २०१६ साली एकोणीस वर्षांचा ग्लेबर टोरेस देऊन पिचर चॅपमन घेतला. विजेतेपदाच्या मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात आठव्या इनिंगला चॅपमननं बरोबरीचा होमरन दिला, तरी ते जिंकले, १९०८ नंतर प्रथमच. टोरेसनं पुढे न्यूयॉर्ककडून एका मोसमात ३८ होमरन मारले, पण तो सौदा चुकला असं मी कधीच म्हणणार नाही. तो संघ जिंकण्याजोगा होता. तुमचा आहे का, हे तू माझ्यापेक्षा जवळून बघतोयस.

दोन पोरांतल्या त्या धाकट्याच्या संघाचा सामना गुरुवारी आहे म्हणालास, गाडीनं तीन तास. जा. खेळाडू बसतात त्या डगआऊटजवळच्या कुंपणापाशी बस, सामना संपल्यावर त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरशी दहा मिनिटं बोल. परतताना मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझा,
काका