पहिली इलेक्ट्रिक गिटार, ब्लूजसाठी आणि रॉकसाठी : स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की लेस पॉल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दोन वर्षं अकूस्टिक वाजवून झाली, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. मन ब्लूजमध्ये रमतं, पण मित्रांच्या बँडमध्ये सत्तरच्या दशकातला रॉकही वाजवावा लागणार. नाशिकला फ्लॅटमध्ये राहता, बजेट अ‍ॅम्पसकट (म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासकट) 45 हजार. तर फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) की गिब्सन कंपनीची लेस पॉल?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या जागी मी असतो तर स्ट्रॅटच्याच घडणीची, पण ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि बाकी दोन साधे, एका वेटोळ्याचे सिंगल कॉइल पिकअप असलेली गिटार घेतली असती. पिकअप म्हणजे तारेचा आवाज पकडणारा भाग. दुकानात तिला 'एचएसएस' म्हणतात, एच हंबकरचा, एस सिंगल कॉइलचा. माझ्याकडे स्ट्रॅट चौदा वर्षं आहे, लेस पॉलच्या घाटाची गिटार आठ वर्षं. दोन्ही रोज हातात असतात आणि दोन्हींवर माझा जीव आहे, त्यामुळे हे उत्तर एकीची बाजू घेऊन दिलेलं नाही.

आवडत्या वादकाच्या हातात कोणती गिटार आहे, यावरून निवड करायचा मोह होतो. तो जरा बाजूला ठेवा. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचंच बघा. 1966 साली जॉन मेयॉलच्या बँडबरोबर त्याने लेस पॉल आणि मोठ्या आवाजात लावलेला मार्शल अ‍ॅम्प यांतून जो आवाज काढला, त्याने ब्रिटनमधल्या वादकांची एक अख्खी पिढी त्या गिटारच्या मागे लागली. गंमत म्हणजे तेव्हा गिब्सन ती गिटार त्या रूपात बनवतच नव्हती. 1961 मध्ये तिची जागा पातळ, दोन शिंगांच्या गिटारने घेतली होती, जिला पुढे एसजी हे नाव मिळालं. मूळ रूप परत आलं ते 1968 मध्ये. आणि तोवर क्लॅप्टन स्ट्रॅटकडे वळायच्या बेतात होता. 1970 मध्ये त्याने नॅशव्हिलला एकदम सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे उत्तम भाग जुळवून आपली प्रसिद्ध काळी गिटार बांधली. उलट लेड झेपेलिन बँडचा गिटारवादक जिमी पेज. त्याचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर लेस पॉल येते, पण लेड झेपेलिनचा 1969 चा पहिला अल्बम बहुतांशी फेंडरच्याच टेलिकास्टरवर वाजवलेला आहे. तो जाड, दमदार आवाज सिंगल कॉइलचा आहे हे मला कळलं, तेव्हा मी तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकला होता.

म्हणजे दोन्हींवर दोन्ही वाजतं. प्रश्न उरतो तो कोणती गिटार तुमच्या हाताला कशी साथ देते आणि तुमच्या घरात कशी वागते, एवढाच.

घरापासून सुरुवात करतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार हलली की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. पण हेच वेटोळं एरियलसारखंही वागतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, फोनचा चार्जर, सगळ्यांची घुरघुर ते ओढून घेतं. मी पुण्यात ज्या जुन्या इमारतीत भाड्याने राहायचो तिथे अर्थिंग नीट नव्हतं. तारांवर हात असेपर्यंत ठीक, हात उचलला की अ‍ॅम्प गुणगुणायला लागायचा. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) चढवलं की दोन सुरांमधली शांतताच नाहीशी व्हायची. आणि ब्लूजमध्ये ती शांतता सुराइतकीच महत्त्वाची. पुढे अर्थिंग दुरुस्त करून घेतलं, तेव्हा निम्मी घुरघुर गेली. तुम्हीही गिटार आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. खर्च किरकोळ आहे, आणि हा मुद्दा आवाजापेक्षा सुरक्षिततेचा जास्त आहे.

हंबकर जन्माला आला तो या घुरघुरीवर उपाय म्हणून. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी तो घडवला आणि 1957 पासून लेस पॉलवर बसू लागला. त्याआधी, 1952 पासून, लेस पॉलवरही सिंगल कॉइलच होते. हंबकरमध्ये दोन वेटोळी शेजारीशेजारी असतात. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट, चुंबकाची दिशाही उलट. बाहेरची घुरघुर दोघांत शिरते आणि एकमेकांना खोडते, तारेचा आवाज मात्र बेरजेत जातो. म्हणून आवाज जाड, गोलसर आणि जास्त जोरकस होतो, अ‍ॅम्पचा आवाज लवकर फाटायला लागतो. सत्तरच्या दशकातल्या रॉकचे दणकट पॉवर कॉर्ड (दोन-तीन सूर एकदम वाजवायचे) वाजवायला ब्रिजपाशी हाच हवा. एरवीही साध्या स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप कानाला टोचतो, आणि जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये त्याला टोनचा नॉबच जोडलेला नसतो. एचएसएस घ्या म्हणतो ते यासाठी. स्ट्रॅटचा जो पिकअप ब्लूज वाजवणारा सगळ्यात कमी वापरतो, नेमका तोच बदललेला मिळतो. नेकपाशी (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर) तुमचा काचेसारखा स्वच्छ, टपोरा सूर जसाच्या तसा राहतो.

आता बेंड. माझ्या मते निवडीचं खरं ठिकाण हे.

ब्लूजमध्ये बेंड म्हणजे आपल्याकडची मींडच. सतारीवर तार पडद्यावरून खेचून सूर वर नेतात, तसं इथे फ्रेटवर तार ढकलून नेतात. सूर कुठे पोचायचा हे कानाला माहीत असतं, हाताने तिथे नेऊन सोडायचं असतं. हाताला किती जोर लागेल हे तारेची जाडी आणि लांबी ठरवतात. स्ट्रॅटची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 25.5 इंच, लेस पॉलची सुमारे 24.75. फरक पाऊण इंचाचा दिसतो, पण तारा तेवढ्याच जाडीच्या असतील तर स्ट्रॅटवर ताण सुमारे 6 टक्के जास्त पडतो. म्हणून पुस्तकात लिहिलेलं असतं की लेस पॉल बोटांना मऊ.

दुकानात मात्र नेमकं उलटं जाणवू शकतं, आणि इथे पुष्कळ जण फसतात. स्ट्रॅटवर कारखान्यातून बऱ्याचदा 9 च्या तारा चढवून येतात, लेस पॉलवर 10 च्या (हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). जाडीतला हा फरक लांबीतल्या फरकाला पुरून उरतो. तुम्ही दोन्ही वाजवून बघता, स्ट्रॅट मऊ लागते, आणि ती स्ट्रॅटची खासियत आहे असं समजून घरी येता. तेव्हा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारा : यावर तारा कितीच्या आहेत? तारा थोड्या खर्चात बदलता येतात, स्केल बदलता येत नाही. जाड तारांचा सोस आत्ताच नको. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन 13 च्या तारा लावायचा हे खरं, पण तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, शिवाय त्याचे हात त्याचेच होते. झेडझेड टॉप बँडचा गिटारवादक बिली गिबन्स सांगतो की त्याच्या जाड तारा बघून ब्लूजचे थोर वादक बी. बी. किंग यांनी त्याला विचारलं होतं, एवढी मेहनत कशाला करतोस? त्यानंतर तो अगदी बारीक तारांकडे वळला, आणि त्याच्या लेस पॉलचा आवाज काही बारीक झाला नाही.

फिंगरबोर्डचा बाकही बघा. जुन्या घाटाच्या स्ट्रॅटवर त्रिज्या 7.25 इंच असते, म्हणजे बोर्ड जास्त गोल. तारा खाली बसवलेल्या असतील तर वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेताना सूर मध्येच गुदमरतो. आजच्या बहुतेक स्ट्रॅटवर ती 9.5 असते, लेस पॉलवर 12. या दोन्हींवर असा त्रास बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट स्ट्रॅटच्या ट्रेमोलोची, म्हणजे दांडीने हलवून सूर वर-खाली करता येणाऱ्या ब्रिजची. ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता ठेवला असेल तर एक तार बेंड केली की बाकीच्या किंचित उतरतात. दोन तारा एकत्र वाजवून एकच ढकलायची, हा ब्लूजमधला नेहमीचा प्रकार, तिथे ते लगेच बेसूर ऐकू येतं. यावर सोपा उपाय आहे : पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवायचा. क्लॅप्टन तर लाकडाचा तुकडा अडकवून तो पूर्ण बंदच करतो. सुरुवातीची वर्षं तुम्हीही तसंच करा. तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात, बँडमध्ये याचा फायदा कळेल.

लेस पॉलवर अन्याय होऊ नये म्हणून तिच्याबद्दल मनापासून लिहितो. नेक पिकअपवर, टोन थोडा उतरवून, एक सूर धरून ठेवला की तो संपायचं नाव घेत नाही. गाणाऱ्या माणसाचा दमदार आलाप असावा तसा. संथ ब्लूज वाजवताना मी आजही तीच उचलतो, विचार न करता. पण ती जड असते, चार-साडेचार किलो सहज. तीन तास उभं राहून सराव केला की खांदा बोलतो. दुसरं, तिचं डोकं मागे कललेलं असतं, आणि आत ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी) कोरल्यामुळे तिथली लाकडाची मान नाजूक होते. स्टँडवरून पालथी पडली तर तिथेच तुटते. तुम्ही एसटीने किंवा रेल्वेने सरावाला जाणार असाल तर साधी कापडी पिशवी चालणार नाही, कडक केस हवी, आणि केसचे पैसे बजेटमधूनच जातात. शिवाय 45 हजारांत अ‍ॅम्प धरला की मूळ गिब्सनचा विचारच नको. गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडच्या, एपिफोनच्या, खालच्या श्रेणीतल्या लेस पॉलमध्ये बऱ्याचदा नेक चिकटवलेला नसून स्क्रूने जोडलेला असतो. वाईट नव्हे, पण ज्या गुणासाठी तुम्ही लेस पॉल घेताय त्याचा थोडा भाग तिथे गेलेला असतो.

लाकडावरून इंटरनेटवर फार भांडणं होतात. या बजेटमध्ये त्यात वेळ घालवू नका.

टेलिकास्टरचं नाव तुमच्या प्रश्नात नाही, पण ती जमल्यास हातात घेऊन बघाच. मडी वॉटर्स आणि अल्बर्ट कॉलिन्स या ब्लूज वादकांची ओळखच तिच्याशी जोडलेली आहे. सरळ, राकट, कुठे लपायला जागा न देणारी. गिब्सनच्या ईएस-335 सारख्या अर्ध्या पोकळ गिटारचा आवाज मला अतिशय प्रिय आहे, पण मोठ्या आवाजात रॉक वाजवताना त्या शिट्टी मारायला लागतात. बी. बी. किंग यांच्या नावाने गिब्सनने 1980 मध्ये जी गिटार काढली, तिच्या अंगावरची ती लांबट छिद्रं याच कारणाने बंद केलेली होती.

व्हॉल्यूमचा नॉब वापरायला आत्तापासून शिका. 2011 मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते. त्यांची खासियत म्हणजे आवाज कुजबुजीपर्यंत खाली आणायचा आणि मग एकाच फटकाऱ्यात सगळं उधळून द्यायचं. हे पेडलने होत नाही, उजव्या हाताने आणि त्या नॉबने होतं. स्ट्रॅटवर तो नॉब करंगळीच्या टप्प्यात असतो, वाजवता वाजवता फिरवता येतो. स्ट्रॅटच्या घडणीकडे माझं मन झुकतं त्याचं हे मोठं कारण.

पैशांची वाटणी मी अशी केली असती : गिटारला 30 हजारांपर्यंत, अ‍ॅम्पला 12, उरलेल्या तीनमध्ये केबल, पट्टा, तारांचे दोन संच आणि सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची कारागिराकडून जुळवून घेणं. स्क्वायरची अ‍ॅफिनिटी एचएसएस, यामाहाची पॅसिफिका 112, कोर्टच्या जी मालिकेतल्या काही गिटार, यांच्यात शोधा. अ‍ॅम्प छोटा, हेडफोन लावता येईल असा घ्या. फ्लॅटमध्ये व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) मोठा अ‍ॅम्प त्याच्या गोडीपर्यंत वाढवताच येणार नाही. सेटअप मात्र टाळू नका. आपल्याकडे एप्रिलचा कोरडेपणा आणि जुलैचा दमटपणा यांत नेक हलतो, तारा वर-खाली होतात, आणि नवीन वादकाला वाटतं आपलाच हात बिघडला.

दुकानात दोन्ही गिटारवर सारख्याच जाडीच्या तारा चढवून द्यायला सांगा, नवीन तारांचे पैसे द्यावे लागले तरी द्या. अ‍ॅम्प स्वच्छ आवाजावर ठेवा, डिस्टॉर्शन बंद. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा सूर वाजवा, कानात बसवा. मग सातव्या फ्रेटवरून बेंड करून त्याच सुरावर पोचा. दहा वेळा करा, घाई न करता, सोबतच्या मित्राला ट्यूनरकडे बघायला सांगून. ज्या गिटारवर सूर जास्त वेळा नेमका लागेल, ती उचला, मग ती लेस पॉल असली तरी. दोन्हींवर सारखाच लागला तर एचएसएस घ्या आणि वाचलेले पैसे अ‍ॅम्पमध्ये घाला.