नवे नेते परकी लष्करी तळ हटवू शकतात का?

प्रश्न : ‘अमेरिकी तळ हलवू’ म्हणत निवडून आलेले नेते पुढे माघार का घेतात?

उत्तर : भाषणापेक्षा कराराची मुदत आधी पाहावी. जपानचे युकिओ हातोयामा २००९ साली सत्तेवर आले, तेव्हा ओकिनावातला फुतेन्मा तळ निदान प्रांताबाहेर तरी नेऊ, असा त्यांचा शब्द होता. पण तो त्याच बेटावर हेनोकोला हलवायचं २००६ मध्येच ठरलं होतं आणि दुसरीकडे कुठेच लोक तळ घ्यायला राजी होईनात. पर्यायी जागा हातात नसताना दिलेला शब्द तो! मे २०१०मध्ये त्यांनी हेनोको मान्य केलं, मित्रपक्ष सोडून गेला आणि जूनमध्ये राजीनामा द्यावा लागला. भोगतंय मात्र ओकिनावा. तळाच्या कुंपणाला लागून प्राथमिक शाळा आहे. डिसेंबर २०१७मध्ये हेलिकॉप्टरची खिडकी तिच्या मैदानात कोसळली, तेव्हा मुलं तिथेच होती.

इक्वेडोरच्या राफाएल कोरेया यांना मान्ताचा तळ बंद करणं जमलं, कारण १९९९चा करार दहाच वर्षांचा होता. त्यांनी तो मोडला नाही, फक्त नूतनीकरण नाकारलं. २००९मध्ये अमेरिकी सैनिक निघून गेले.