पोट मुलाचं दुखतं, मग आई-बाबांना का बोलावतात?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जायच्या वेळी पोट धरून बसतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. त्यांनी फॅमिली थेरपिस्टचं, म्हणजे घरच्यांशी एकत्र बोलून मदत करणाऱ्या तज्ज्ञाचं, नाव सुचवलं. तिथून निरोप आला की पहिल्या भेटीला तिघंही या. मिस्टर म्हणतात, ‘दुखणं त्याचं, माझं तिथे काय काम?’ आमच्या दोघांत वर्षभर धुसफूस चालू आहे, हे खरं. ते सगळं मुलासमोर काढतील का? – एक आई

उत्तर : ताई, त्याचं दुखणं खरं आहे. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तो नाटक करतो असं नव्हे. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. मनावर ताण आला की पोटात खरीखुरी कळ येते. ‘तुला काही झालेलं नाही’ असं त्याला कृपा करून म्हणू नका.

तिघांना बोलावतात ते कुणाच्या माथी दोष मारायला नाही. मीही फॅमिली थेरपिस्ट आहे; पहिल्या भेटीत मी आधी कोण कुठे बसतं ते बघते. मूल दोघांच्या मधली खुर्ची धरतं आणि आई बोलत असताना बाबांचा चेहरा न्याहाळत राहतं, तेव्हा बरंच समजतं. मग विचारते, पोट दुखतंय हे आधी कुणाच्या लक्षात येतं? त्यावर दुसरं कोण काय करतं? पुष्कळदा असं दिसतं की पोट दुखलं की मोठ्यांचा वाद तेवढ्यापुरता थांबतो. मूल हे ठरवून करत नाही. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने याला त्रिकोण म्हटलं : दोघांतला ताण पेलेनासा झाला की तिसरा त्यात ओढला जातो. मुलं किती जीव लावून हे ओझं उचलतात, ते बघून मला आजही गलबलतं.

अर्थात, प्रत्येक पोटदुखीचं मूळ घरातच असतं असं नाही. वर्गात कुणी छळतंय का, वाचना-लेखनात अडतंय का, हेही तपासावं लागतं.

तुमच्या दोघांतल्या गोष्टींसाठी वेगळी भेट ठरते, तिथे मूल नसतं. त्याच्याशी चित्रांतून, खेळण्यांतून बोलणं होतं. तोवर घरी एवढं करून बघा. आवाज चढला, छाती धडधडू लागली की कुणालाच समोरच्याचं ऐकू येत नाही. तेव्हा थांबा, निदान 20 मिनिटं. पण पुन्हा कधी बोलायचं ते सांगून उठा. न बोलता निघून गेलं की समोरच्याला ते झिडकारल्यासारखंच वाटतं.

मिस्टरांना ‘तुमच्यामुळे झालंय’ म्हणू नका. ‘तुम्हाला त्याच्यात काय दिसतं ते तुम्हीच सांगू शकाल’ म्हणा. तरीही नाहीच आले, तर मुलाला घेऊन तुम्ही जा. एकाचं वागणं बदललं तरी, एकाने असं केलं की दुसऱ्याने तसं, ही घरातली ठरलेली साखळी तुटायला लागते.

मात्र घरात मारहाण किंवा धाक असेल, तर ते भेटीआधीच थेरपिस्टना एकटीने फोनवर सांगा. अशा वेळी नवरा-बायकोला एकत्र बसवत नाहीत, कारण तिथे बोललेल्याची शिक्षा घरी मिळू शकते. आधी तुमची आणि मुलाची सुरक्षितता बघितली जाते.