द्राक्षाच्या पानांवरचे रोग ओळखायचा प्रोजेक्ट आहे. अझूर मशीन लर्निंग घेऊ की व्हीएस कोड?

व्हीएस कोड. उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही प्रश्नात दिंडोरीची बाग लिहिलीत, डावणी हा द्राक्षपानांचा रोग लिहिलात, आणि 'गाईड सर म्हणतात क्लाउड असेल तर प्रोजेक्टला वजन येतं' हेही लिहिलंत. त्यामुळे राहवत नाही. हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मुळात या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर. २०१५ पासून आहे, फुकट आहे, तुमच्या लॅपटॉपवर चालतो आणि स्वतः कुठलंही मॉडेल ट्रेन करत नाही, म्हणजे फोटोंवरून रोग ओळखायला शिकवत नाही. ते काम पायथनचं. मायक्रोसॉफ्टचं अझूर काय, ॲमेझॉनचं सेजमेकर काय, गूगलचं व्हर्टेक्स काय, ही भाड्याची मशीन, वर डेटा ठेवायची जागा, मॉडेलच्या नोंदी आणि ते जगाला वापरायला द्यायची सोय. तुमचे सर ज्याला वजन म्हणतात ते या सोयींचं आहे, मॉडेलचं नाही.

आता आमचं ऐका. माझे साडू हिंजवडीला नोकरीला. दिवाळीत सासुरवाडीला सगळे जमलो होतो. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, दिंडोरी तालुक्यात थॉमसनची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झालेली, वर अवकाळी पाऊस, त्यामुळे मामा रोज सकाळी पानं उलटून बघत फिरत होते. साडूंना स्फुरण चढलं. म्हणाले, 'मामा, तुम्हाला फोटो काढला की रोग सांगणारं ॲप करून देतो.' एका क्लाउड प्लॅटफॉर्मवर (कुठल्या ते सांगत नाही, सगळ्यांवर हेच झालं असतं) खातं काढलं, कार्ड माझं लावलं, नेटवरून पानांच्या फोटोंचा संच उतरवून चढवला, आपोआप मॉडेल करून देणारं बटण दाबलं आणि आम्ही फराळाला बसलो. फराळ होईतो ९८ टक्के अचूकता. घरभर पेढे वाटायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. मामांनी एक पान खुडलं. वरून पिवळट तेलकट डाग, उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. नाशिक जिल्ह्यातलं शाळेत जाणारं पोरही याला डावणी म्हणेल. ॲप म्हणालं, निरोगी. दुसरं पान दिलं, तर म्हणे ब्लॅक रॉट. मामा काही बोलले नाहीत, पान खिशात घातलं आणि 'पाहुणे, चहा घेऊ' म्हणाले.

साडूंचं निदान तयार होतं: मॉडेल लहान पडलं, मोठा जीपीयू (मॉडेल झपाट्याने शिकवणारी चिप) घेऊ. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला, तोच संच व्हीएस कोडमध्ये उघडला आणि डावीकडची फोल्डरची यादी बघितली. साडू हसले. 'एडिटर कोड लिहायला असतो हो, त्यात डेटा काय बघताय?' यादीत द्राक्षाची चार फोल्डर होती: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट हे तीन रोग आणि निरोगी. डावणी नाही. आपल्याकडचा दुसरा नेहमीचा रोग, भुरी, तोसुद्धा नाही.

हा संच म्हणजे प्लांटव्हिलेज. ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. तुम्हीही बहुधा तोच उतरवणार आहात, म्हणून एवढं सांगतोय. मॉडेलला चार पर्याय शिकवले की ते चारांतलाच एक सांगणार. 'हे मला शिकवलेलं नाही' असं म्हणायची सोय त्यात नसते. शिवाय ते फोटो पान तोडून, साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले आहेत. मांडवाखालची सावली, औषधाचे पांढरे डाग, मागे दहा पानं, यातलं काही त्यात नाही. या संचावरचा २०१६ चा गाजलेला अभ्यास आहे: त्याच संचातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९ टक्क्यांच्या वर, आणि बाहेरून आणलेल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास. हे खुद्द ते मॉडेल करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. मोठ्या जीपीयूने यात काय फरक पडणार होता?

आणि बिल. दिवाळी संपली, साडू पुण्याला गेले, ॲप कोणी उघडलं नाही. पण मॉडेल ज्या एंडपॉइंटवर, म्हणजे ॲपला उत्तरं देणाऱ्या भाड्याच्या मशीनवर, लावलं होतं तो चालूच. दाराशी रिक्षा उभी करून ठेवावी तसं ते असतं, आत कोणी बसो न बसो, मीटर पडत राहतं. बजेटचा अलर्ट लावला होता, पण अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही. तो ईमेल साडूंच्या पत्त्यावर जात होता आणि कार्ड माझं होतं. रक्कम लिहीत नाही, घरात हे उत्तर वाचलं जाईल.

तर तुमच्यासाठी. आधी फोटो. कॉलेजच्या आवारातून नाही, खऱ्या बागांमधून, वेगवेगळ्या फोनवर, सकाळी आणि दुपारी, पानाची खालची बाजूसुद्धा. कुठलं पान डावणीचं आणि कुठलं नाही हे बागायतदाराकडून तपासून घ्या. शंका असेल तिथे पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. शिकवायचे (ट्रेनिंग) आणि तपासायचे (टेस्ट) फोटो वेगळे करताना ते फेटून वाटू नका, बागा वाटा. एकाच वेलीची पानं दोन्हीकडे गेली की अचूकता फुगते आणि परीक्षक खूश होतात, बाग होत नाही. मग मोबाइलनेट किंवा रेसनेट-१८ यांपैकी एक तयार मॉडेल, आधीच शिकलेलं, फक्त शेवटचा थर नव्याने शिकवायचा. काही हजार फोटोंना साधा लॅपटॉप पुरतो, वेळ लागेल इतकंच. अगदीच रखडलं तर गूगल कोलॅबवर फुकटात जीपीयू मिळतो, मात्र हवा तेव्हा मिळेलच असं नाही आणि मध्येच तुटतो.

सरांना क्लाउड हवंच असेल तर अझूरचं विद्यार्थ्यांसाठीचं खातं काढा, १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं आणि कार्ड लागत नाही. घरातलं कोणाचंच कार्ड लावू नका. नव्या खात्यावर जीपीयूचा कोटा (किती वापरू देतील ती मर्यादा) बऱ्याचदा शून्य असतो आणि तो वाढवून मिळेलच असं नाही, म्हणून सबमिशनच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका. आणि मौज अशी की अझूरचं भाड्याचं मशीन व्हीएस कोडमधूनच उघडता येतं. सेजमेकरने तर २०२३ पासून व्हीएस कोडच्याच मुक्त गाभ्यावरचा एडिटर आत बसवलाय. म्हणजे प्लॅटफॉर्म घेतला तरी एडिटर सुटत नाही.

एक मान्य करतो, नाहीतर साडू म्हणतील एकतर्फी लिहिलं. दहा जण एकाच मॉडेलवर काम करत असतील, दर आठवड्याला नवे फोटो येऊन मॉडेल पुन्हा शिकवायचं असेल, कुठल्या डेटावर कुठलं मॉडेल झालं याचा हिशेब ठेवायचा असेल, तर लॅपटॉपवर गोंधळ होतो आणि प्लॅटफॉर्मचे पैसे वसूल होतात. साडूंच्या कंपनीत तसंच असणार. मामांच्या बागेत तसं नव्हतं, तुमच्या प्रोजेक्टमध्येही नसेल.

आणि साडूभाऊ, वाचत असाल तर: एंडपॉइंट मी डिलीट केला, पण चढवलेल्या फोटोंचं स्टोरेज तुमच्याच लॉगिनखाली आहे आणि त्याचे पैसे दर महिन्याला माझ्या कार्डावरून जातायत. तेवढं काढून टाका.