दिवसातून दहादा लिप बाम लावूनही ओठ फुटतातच, काय करू?

आधी ओठांवरून जीभ फिरवणं बंद करा आणि तो वासाचा, गार गार लागणारा बाम बदलून साधी पेट्रोलियम जेली लावा, बहुतेकांचं एवढ्यानेच थांबतं. कारण असं की ओठांची त्वचा खूप पातळ असते आणि बाकी त्वचेसारख्या तेलग्रंथी तिथे जवळजवळ नसतातच, त्यामुळे ओलावा धरून ठेवायला काही नसतं, त्यात आपण जीभ फिरवली की थुंकी वाळताना असलेला ओलावाही घेऊन जाते आणि थुंकीतले पचनाचे एन्झाइम वरून चुरचुर वाढवतात, मग परत जीभ जाते, हे चक्र सुरूच. मेन्थॉल, कापूर, दालचिनीचा फ्लेवर यांनी गार किंवा झणझणीत वाटतं म्हणून बरं वाटतं पण फुटलेल्या ओठांना तेच झोंबतं.

- रात्री झोपताना ओठ पाण्याने जरा ओले करून लगेच जेलीचा जाड थर लावा. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत असाल तर हे नक्कीच करा
- उन्हात जाताना एसपीएफ ३० चा बाम
- सुटलेली सालं ओढू नका प्लीज, एक साल ओढलं की खालची कोवळी त्वचाही निघते आणि रक्त येतं

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच, तेव्हा डॉक्टरांशी बोला. फक्त तोंडाचे कोपरेच चिरत असतील किंवा २-३ आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कोपऱ्यात बऱ्याचदा बुरशीचं इन्फेक्शन असतं, ते जेलीने जात नाही.