पायात काटा रुतला, हे पांढऱ्या पेशीला कसं कळतं?

लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो, म्हणून उत्तर द्यायचा मोह झाला. तुम्ही विचारलंय, बाभळीचा काटा पायात मोडला की पांढऱ्या पेशी नेमक्या तिथंच कशा गोळा होतात, मेंदू त्यांना सांगतो का? नाही. त्यांना वास लागतो म्हणा.

काट्याबरोबर आत गेलेले जिवाणू प्रथिनं बनवताना सुरुवातीला फॉर्मिल हा रासायनिक गट जोडलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल लावतात. आपल्या पेशीरसात तसं होत नाही, त्यामुळे तसले तुकडे दिसले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना परका आल्याचं समजतं. शिवाय तिथंच मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-८ हे बोलावणं धाडणारं रसायन सोडतात. जखमेपाशी ही रसायनं दाट, लांब जावं तशी विरळ.

खरी गंमत पुढं आहे. रात्री शिवारात गुऱ्हाळ शोधायचं तर आपण चार पावलं टाकतो, गुळाचा वास वाढला की तीच वाट धरतो. जिवाणूही असेच मघाचा वास आणि आत्ताचा वास ताडत जातात. न्यूट्रोफिल मात्र जागच्या जागी आपल्या एका टोकाचा वास दुसऱ्या टोकाशी ताडते! अंगाचा पसारा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त, आणि दोन टोकांतला एक-दोन टक्क्यांचा फरकही तिला पुरतो. जिकडं रसायन दाट तिकडं अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे वाढून अंग पुढं येतं, मागून मायोसिन हे दुसरं प्रथिन आवळतं. वेग मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जायला दीड तासाच्या वर.

पण धावत्या रक्तातून उतरायचं कसं? जखमेजवळच्या बारीक शिरांच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाचं चिकट प्रथिन उगवतं, पेशी त्याला अडखळत घरंगळते, मग स्वतःच्या अंगावरच्या इंटिग्रिन या प्रथिनानं भिंत पक्की धरते आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडते. काही लेकरांत जन्मतःच हे इंटिग्रिन सदोष असतं. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेत पू नाही, आणि नाळ गळायलाही आठवडे लागतात.

योगायोग बघा, मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञानं १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटेच टोचले होते. सकाळी त्यांच्याभोवती पेशींचा गराडा! १९०८ चं नोबेल त्याला पॉल अर्लिख या जर्मन शास्त्रज्ञासोबत मिळालं.

आमची माय म्हणायची, पिकू दे, काटा वर येतो. पू म्हणजे बहुतेक मेलेल्या न्यूट्रोफिलच, त्यांच्या विकरांनी (एन्झाइमांनी) भोवतीचं मांस सैल होतं. तरी खोल काट्याची वाट बघत बसू नका, काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आठवा.